मदत हवी आहे : एनव्ही सेंटरचा कोहेरन्स हिऱ्यामुळे जातो आहे की माझ्या मांडणीमुळे, हे कसे ओळखावे?

हिरकणी_५३२ (धागाकर्ती)

नमस्कार. गेले तीन आठवडे मी एकाच ठिकाणी अडकले आहे आणि सोमवारी गटाच्या बैठकीत मला ठाम उत्तर द्यायचे आहे, म्हणून येथे विचारते. आम्ही हिऱ्यातील एनव्ही सेंटरवर (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा मिळून होणारा दोष) सामान्य तापमानाला काम करतो; त्याच्या इलेक्ट्रॉन-स्पिनची पुंज-अवस्था किती काळ टिकते, म्हणजे कोहेरन्स, हे मोजतो. रॅम्झी मोजणीत (दोन स्पंदांच्या मध्ये स्पिन मोकळा सोडून) कोहेरन्सचा काळ, म्हणजे टी२-स्टार, जेमतेम १ मायक्रोसेकंद येतो आणि हान एकोची (मध्ये एक उलटवणारा स्पंद देऊन संथ बदल पुसणाऱ्या मोजणीची) वक्ररेषा ८ मायक्रोसेकंदांतच तळाला जाते. नैसर्गिक कार्बनच्या चांगल्या हिऱ्यात एकोचा टी२ (एकोतून मिळणारा कोहेरन्सचा काळ) शेकडो मायक्रोसेकंद असायला हवा. हिऱ्यात नायट्रोजनची अशुद्धी जास्त आहे, तेव्हा तो पुरवठादाराला परत पाठवावा, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याजोगा पुरावाही माझ्याकडे नाही. लिंडब्लाड समीकरण (परिसराशी जोडलेल्या पुंज-प्रणालीचा ऱ्हास मांडणारे) बसवून पाहिले, तर ‘परिसरामुळे होणारा ऱ्हास’ आणि ‘मापनातील दोष’ हे दोन्ही पर्याय सारखेच चांगले बसतात. ऱ्हासाच्या एका वक्ररेषेतून हे दोन वाटे वेगळे काढता येतात का? कृपया लवकर सांगावे.

तळघरातला_लेझर

आपण दिलेल्या माहितीवरून कोणालाही उत्तर देता येणार नाही. चुंबकीय क्षेत्र किती आहे आणि ते कशाने निर्माण केले आहे? सेंटर एकटे आहे की समूह? पृष्ठभागापासून किती खोल? नायट्रोजन-१४ आहे की १५? आलेखाच्या आडव्या अक्षावर एकोचा अर्धा काळ आहे की पूर्ण? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका आलेखासाठी सरासरी किती वेळ घेतली?

जुना_एनएमआरवाला

इतक्या चौकशीची आवश्यकता नाही. हान यांनी १९५० मध्ये एको दाखवला, कार आणि पर्सेल यांनी १९५४ मध्ये स्पंदांची माळ लावली आणि मीबूम व गिल यांनी १९५८ मध्ये त्या माळेतील स्पंददोषांवर उपाय काढला. आपण सरळ सीपीएमजी (याच चौघांच्या नावांची ही माळ) लावावे आणि स्पंदांची संख्या १, २, ४, ८, १६ अशी वाढवत जावे. टी२ वाढत गेला तर गोंगाट संथ आहे, आणि वाढला नाही तर तो वेगवान आहे. मी आयुष्यभर द्रवांच्या एनएमआरमध्ये (केंद्रकीय चुंबकीय अनुनादात) हेच केले आणि त्याने मला कधी दगा दिला नाही.

तळघरातला_लेझर

आदर राखून सांगतो, सीपीएमजीमध्ये एकाच दिशेचा घटक सुरक्षित राहतो, त्यामुळे टी२ वाढलेला दिसतो आणि स्पंदातील चूक झाकली जाते. एनव्हीसाठी एक्सवाय-८ हा स्पंदांची दिशा आलटून पालटून बदलणारा क्रम अधिक प्रामाणिक आहे. शिवाय माळ लावल्याने गोंगाट संथ आहे एवढेच कळेल. तो संथ गोंगाट हिऱ्याच्या आतला आहे की टेबलावरचा, हे त्यातून कळणार नाही, आणि विचारले आहे ते नेमके हेच.

पुंजगणित

मुळातच एक चूक होते आहे. लिंडब्लाड आणि गोरिनी-कोसाकोव्स्की-सुदर्शन यांचे १९७६ मधील समीकरण हे परिसराला स्मृती नाही असे गृहीत धरते. हा पाया सुदर्शन यांनी सहकाऱ्यांसह १९६१ मध्येच घातला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही म्हणून नमूद करतो. एनव्हीच्या भोवती कार्बन-१३ ची केंद्रके १.१ टक्के प्रमाणात विखुरलेली असतात आणि ती अतिशय संथपणे बदलतात, म्हणजे या परिसराला दीर्घ स्मृती आहे. अशा वेळी रॅम्झीचा ऱ्हास साध्या घातांकी रूपाचा नसून गाउसीय येतो. आपण जे समीकरण बसवले ते या ठिकाणी लागूच होत नाही, त्यामुळे ‘दोन्ही सारखेच बसते’ या निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

दुसरे असे, की प्रणाली कोठे संपते आणि परिसर कोठे सुरू होतो ही रेघ आपणच आखायची असते. अगदी शेजारी बसलेले एखादे कार्बन-१३ केंद्रक एनव्हीशी घट्ट बांधलेले असेल तर त्याला परिसरात ढकलणे चुकीचे आहे. ते प्रणालीचाच भाग मानून हॅमिल्टोनियनमध्ये (प्रणालीच्या ऊर्जेच्या समीकरणात) लिहावे, म्हणजे ‘ऱ्हास’ वाटणारी अर्धी गोष्ट साधा ठोका म्हणून दिसेल.

हिरकणी_५३२

माहिती राहून गेली, क्षमस्व. सेंटर एकटे आहे, पृष्ठभागापासून काही मायक्रोमीटर खोल आहे, नायट्रोजन-१४ आहे (रॅम्झीत २.१६ मेगाहर्ट्झचे तिहेरी ठोके स्वच्छ दिसतात). क्षेत्र सुमारे ५० गॉस, वरचे संक्रमण (० ते +१ अवस्था) ३.०१ गिगाहर्ट्झला, आणि मी तेच वापरते. टी१ (स्पिनची ऊर्जा-अवस्था टिकण्याचा काळ) सुमारे ५ मिलिसेकंद आहे, म्हणून तो मुद्दा नाही. सरासरी रात्रभर घेते, कारण रात्री प्रयोगशाळेत कोणी नसते आणि टेबल हलत नाही. पुंजगणित, आपले म्हणणे समजले, परंतु सोमवारी मी काय सांगू?

किनारा_क्यूबिट

आम्ही अतिसंवाहक ट्रान्समॉनवर (एका प्रकारच्या क्यूबिटवर, म्हणजे पुंज-बिटवर) काम करतो आणि तेथे हा प्रश्न रोजचाच आहे. रीडआउट कॅव्हिटीत (क्यूबिट वाचण्याच्या पोकळीत) उरलेले तापीय फोटॉन क्यूबिटची कला बिघडवतात आणि पहिल्या नजरेत तो दोष क्यूबिटच्या पदार्थाचा वाटतो. आमचा नियम सोपा आहे : बाजू बदला. कॅव्हिटीच्या वाहिनीवर जास्त ॲटेन्युएटर (संकेत क्षीण करणारा भाग) लावला आणि टी२ सुधारला, तर दोष क्यूबिटचा नव्हता. आपणही वक्ररेषेकडे पाहत बसण्यापेक्षा कोणती तरी एक गोष्ट मुद्दाम बदला.

खोल_नाही_उथळ

उथळ एनव्ही वापरल्यास इमर्शन तेलातील (सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखालच्या तेलातील) हायड्रोजनही दिसतो, फार सुंदर प्रयोग आहे. मात्र सावधान : हायड्रोजनची लार्मर वारंवारता (चुंबकीय क्षेत्रात केंद्रक फिरण्याची) कार्बन-१३ च्या जवळजवळ चौपट असते, आणि स्पंदांना लांबी असल्यामुळे कार्बन-१३ चा खोटा चौथा हार्मोनिक हायड्रोजनसारखा दिसतो. आम्ही त्यात दोन महिने घालवले.

तळघरातला_लेझर

वरील इशारा मोलाचा आहे, परंतु काही मायक्रोमीटर खोल असलेल्या सेंटरला तेल दिसणार नाही. मूळ प्रश्नाकडे येतो.

‘रात्रभर’ हा शब्द वाचून मी थबकलो. चुंबक कोणता आहे? निओडिमियमचा कायमचा चुंबक असेल तर त्याची ताकद दर अंश सेल्सिअसला साधारण ०.१ टक्क्याने घटते. ५० गॉसचे ०.१ टक्के म्हणजे ०.०५ गॉस, आणि एनव्हीसाठी १ गॉस म्हणजे २.८ मेगाहर्ट्झ, म्हणून एका अंशाला १४० किलोहर्ट्झ. त्याशिवाय २.८७ गिगाहर्ट्झचे शून्य-क्षेत्र विभाजन (क्षेत्र नसतानाही अवस्थांमध्ये असलेले अंतर) स्वतःच अंशाला ७४ किलोहर्ट्झने उतरते. वरच्या संक्रमणात हे दोन्ही सरकाव एकाच दिशेने जातात, तेव्हा खोली एक अंश तापली की आपली रेषा (संक्रमणाची वारंवारता) सुमारे २१४ किलोहर्ट्झ खाली घसरते. खालच्या संक्रमणात ते एकमेकांविरुद्ध जातात आणि रेषा केवळ ६६ किलोहर्ट्झ वर सरकते. रात्रभराच्या सरासरीत ही घसरण थेट टी२-स्टार म्हणून नोंदली जाते. रात्री वातानुकूलन चालू असते का?

हिरकणी_५३२

निओडिमियमचाच आहे. वातानुकूलन रात्री दहाला मध्यवर्ती यंत्रणेतून बंद होते आणि सकाळी सहाला सुरू होते. हे लिहिण्यासारखे आहे असे मला वाटलेच नाही.

पुंजगणित

मग प्रश्न सुटला. दुहेरी-क्वांटम रॅम्झी करा. +१ आणि -१ या दोन अवस्थांच्या अध्यारोपणात (सुपरपोझिशनमध्ये) शून्य-क्षेत्र विभाजनाचा बदल दोन्हींना समान असल्याने वजा होतो, आणि चुंबकीय गोंगाट दुप्पट होतो. टी२-स्टार बरोबर निम्मा झाला तर दोष चुंबकीय परिसराचा, आणि वाढला तर तापमानाचा किंवा ताणाचा.

तळघरातला_लेझर

हा उपाय कागदावर सुबक आहे, परंतु येथे तो दिशाभूल करील. चुंबकाची घसरणही चुंबकीयच आहे. दुहेरी-क्वांटममध्ये तीही दुप्पट होईल, टी२-स्टार निम्म्याच्या आसपास येईल, आणि आपण समाधानाने कार्बन-१३ ला किंवा नायट्रोजनला दोषी ठरवाल. दोघेही एकाच पिशवीत बसतात.

पुंजगणित

मान्य आहे. मी परिसर म्हणताना हिऱ्याच्या आतलाच परिसर डोळ्यांसमोर धरला होता. पण मग चुंबकही परिसरच नव्हे का? तत्त्वतः फरक काय?

तळघरातला_लेझर

तत्त्वतः फरक नसेल, पण वेळेच्या मापावर आहे, आणि प्रयोगात तोच उपयोगी पडतो. कार्बन-१३ च्या मांडण्या एखाद्या मिनिटाच्या सरासरीत हजारो वेळा बदलून जातात, म्हणून एका मिनिटाच्या मोजणीतही त्यांचा पूर्ण वाटा येतो. चुंबक मात्र त्या मिनिटात जवळपास स्थिर असतो आणि तासांमध्ये हलतो. म्हणून हिरकणी, आपण रात्रीची मोजणी दीड-दीड मिनिटाच्या तुकड्यांत साठवा. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी दोन्ही संक्रमणांची वारंवारता मोजा. दोन्हींच्या बेरजेतून शून्य-क्षेत्र विभाजन म्हणजे हिऱ्याचे तापमान कळते, आणि वजाबाकीतून क्षेत्र कळते. मग प्रत्येक तुकडा त्याच्या स्वतःच्या वारंवारतेनुसार सरकवून सरासरी काढा. शेवटचा स्पंद आलटून पालटून उलट कलेचा ठेवा आणि दोन्ही वजा करा, म्हणजे लेझरच्या तीव्रतेचा चढउतार त्यात मिसळणार नाही.

जुना_एनएमआरवाला

हे सर्व रॅम्झीसाठी ठीक आहे. पण एको संथ घसरण पुसून टाकतो, तरी तो ८ मायक्रोसेकंदांत पडतो, त्याचे काय? तेथे तरी नायट्रोजनच आहे असे मला वाटते.

तळघरातला_लेझर

हा प्रश्न योग्य आहे आणि मीही तेथे अडलो आहे. हिरकणी, एको आपण किती काळापर्यंत मोजला?

हिरकणी_५३२

एकूण ३० मायक्रोसेकंदांपर्यंत. १० नंतर सपाटच होते, म्हणून पुढे मोजले नाही.

पुंजगणित

मग आपण सात मायक्रोसेकंद आधी थांबलात. ५० गॉसमध्ये कार्बन-१३ सुमारे ५३.५ किलोहर्ट्झने फिरतो, म्हणजे एक फेरी १८.७ मायक्रोसेकंदांची. एकोचा प्रत्येक अर्धा भाग या फेरीइतका झाला की सर्व केंद्रके मूळ स्थितीला येतात आणि एनव्हीशी गुंतलेली माहिती परत मिळते. एकूण काळ ३७.४ मायक्रोसेकंद झाला की वक्ररेषा पुन्हा वर यायला हवी. ८ मायक्रोसेकंदांचा आकडा हा टी२ नाही, ती पहिली पडझड आहे. खरा टी२ या पुनरुत्थानांच्या शिखरांवरून काढायचा. मी सुरुवातीपासून ज्या स्मृतीबद्दल सांगत होतो ती हीच.

किनारा_क्यूबिट

स्मृती हा शब्द जपून वापरावा. केंद्रकांचे क्षेत्र अभिजात पद्धतीने ५३.५ किलोहर्ट्झने डोलते असे मानले तरी असेच पुनरुत्थान मिळते. केवळ शिखर परत आले म्हणून परिसर पुंजस्वरूपाचा आहे असे सिद्ध होत नाही.

पुंजगणित

परिसर पुंजस्वरूपाचा आहे असे मी म्हटलेले नाही, त्याला स्मृती आहे एवढेच म्हटले. मात्र एनव्हीची अवस्था बदलली की जवळच्या केंद्रकाला जाणवणारे क्षेत्र बदलते, आणि प्रणालीची ही प्रतिक्रिया निव्वळ अभिजात गोंगाटाच्या प्रतिमानात बसत नाही. यावर वेगळा धागा काढू या, येथे हिरकणींची बैठक जवळ आली आहे.

हिरकणी_५३२

दोन रात्रींची मोजणी झाली. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत वरची रेषा ७२० किलोहर्ट्झ खाली गेली आणि खालची २२० किलोहर्ट्झ वर आली. बेरीज ५०० किलोहर्ट्झने घटली, म्हणजे शून्य-क्षेत्र विभाजन २५० किलोहर्ट्झने, म्हणजे हिरा सुमारे ३.४ अंश तापला. वजाबाकीतून क्षेत्र सुमारे ०.१७ गॉस घटले. ते ५० गॉसच्या ०.३४ टक्के आहे, म्हणजे अंशाला ०.१ टक्का, जसे वर सांगितले होते तसेच. आठ तास ही घसरण जवळजवळ सरळ रेषेत चालली होती. तुकडे सरकवून सरासरी काढल्यावर टी२-स्टार २.४ मायक्रोसेकंद आला, आणि न सरकवता काढला तर पुन्हा ०.९८. एकाच रात्रीची एकच आकडेवारी.

एको ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत नेला. ३७ ला पहिले शिखर उभे राहिले तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. त्यानंतर ७५ ला दुसरे, ११२ ला तिसरे. पण शिखरे झपाट्याने बुटकी होत जातात आणि चौथे जवळपास दिसत नाही. हा तरी नायट्रोजनचा पुरावा म्हणायचा का?

तळघरातला_लेझर

अद्याप नाही. क्षेत्र एनव्हीच्या अक्षाशी तिरके असले तर वेगवेगळ्या ठिकाणची केंद्रके वेगवेगळ्या वेगाने फिरतात, सर्वांची फेरी एकाच वेळी पूर्ण होत नाही आणि शिखरे अशीच बुटकी होतात. आपल्या दोन वारंवारतांची बेरीज किती येते?

हिरकणी_५३२

दिवसा, तापमान स्थिर असताना, ५७४०.६ मेगाहर्ट्झ.

तळघरातला_लेझर

५७४० धरले तर ०.६ मेगाहर्ट्झ जास्त. आडवे क्षेत्र बेरीज वाढवते, आणि एवढ्या वाढीला सुमारे साडेआठ गॉस आडवे क्षेत्र पुरते, म्हणजे चुंबक दहाएक अंश तिरका असावा. प्रत्येक हिऱ्यात शून्य-क्षेत्र विभाजन ताणामुळे थोडे वेगळे असते, म्हणून या आकड्यावर विसंबू नका. चुंबक सेंटरपासून त्याच अंतरावर ठेवून फिरवा आणि बेरीज सर्वांत कमी कोठे येते ते शोधा. तेथे एको पुन्हा घ्या. त्यानंतरही शिखरे बुटकीच राहिली, तर डीअर (दुहेरी इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन अनुनाद) मोजणीने नायट्रोजनच्या इलेक्ट्रॉन-स्पिनना स्वतंत्रपणे उलटवून पाहा. त्याने एको बिघडला तरच त्यांचे नाव घ्या.

हिरकणी_५३२

चुंबक फिरवण्यासाठी उद्याचा दिवस राखून ठेवला आहे. सोमवारी मी एवढेच सांगणार आहे की टी२-स्टारमधील मोठा वाटा खोलीचा होता, एकोचा ८ हा आकडा चुकीचा वाचला होता, आणि डीअर होईपर्यंत हिरा परत पाठवू नये.