मदत हवी आहे: अलंग-मदन किल्ल्यांसाठी दोर किती मीटरचा? (लवकर सांगा)

खडूस बोका
पुढच्या शनिवारी निघतोय. दोर किती मीटरचा लागतो एवढंच हवंय. एक जण ५० म्हणतो, दुसरा १००. "अनुभवी संस्थेबरोबर जा" हे सोडून काहीही सांगा. आणि पायथ्याला पहाटेपर्यंत कसं पोचायचं तेही.

कातळवेडा
किती जण? पहिला चढणार कोण? निघणार कुठून? परत त्याच वाटेने उतरणार की शेजारचा कुलंग किल्लाही करणार? यातलं काहीच न सांगता आकडा मागताय.

पिठलंभाकरी
पायथ्याच्या आंबेवाडीत घरगुती जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगून ठेवा, ऐनवेळी भाकऱ्या होत नाहीत.

खडूस बोका
१४ जण. दोघांना क्लाइंबिंग येतं. शनिवारी अलंग, रविवारी मदन, जमलं तर कुलंग. जेवणाचं नंतर बघू. दोर?

कातळवेडा
मग हिशोब करा. अलंगचा मोठा पॅच (दोर लावून चढायचा कडा) ८० ते ९० फूट, म्हणजे २७ मीटरपर्यंत. मदनचा ४०-५० फूट. चढताना एकेरी दोर पुरतो. उतरताना शेवटच्या माणसाला दोर खाली ओढून घ्यायचा असतो, म्हणजे तो अँकरमधून (वर दोर अडकवायच्या पक्क्या जागेतून) दुहेरी सोडावा लागतो. २७ दुणे ५४, वर अँकर कड्याच्या काठापासून मागे असेल तर दोन-तीन मीटर तिथेच जातात, शिवाय टोकाच्या गाठी. ५० मीटरचा दोर दुहेरी केला की हाती २५ मीटर राहतात आणि माणूस जमिनीच्या वर लटकतो. ६० मीटर जेमतेम पुरतो. ५० चे दोन असतील तर टोकं एकत्र ओव्हरहँड गाठीने बांधा, शेपट्या किमान ३० सेंमी ठेवा आणि गाठ घट्ट आवळून घ्या. मग ५० मीटर खोल उतरता येतं. जोडताना कोणत्या बाजूचा दोर ओढायचा ते खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. चुकीची बाजू ओढली की गाठ अँकरला जाऊन अडकते आणि दोर वरच राहतो.

दोन्ही मोकळ्या टोकांना स्टॉपर गाठ मारायची. ओढायच्या आधी ती सोडायची, हेही विसरतात.

टकमक
एवढा बाऊ नको हो. दोन्ही पॅचवर कातळात ठोकलेले बोल्ट आहेत. ६० मीटरचा साडेदहा मिमीचा स्टॅटिक दोर एक न्या, वरून बिले द्या (दोर धरून चढणाऱ्याला सांभाळा), सगळं होतं. डायनॅमिक ही शहरी चैन आहे.

कातळवेडा
वरून बिले द्यायला आधी कोणीतरी वर जायला हवं ना! तो पहिला माणूस खालून दोर घेऊन चढतो. तो शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना सुटला तर चार मीटर पडतो. डायनॅमिक दोर ताणला जाऊन तो झटका खातो. स्टॅटिक जवळपास ताणला जात नाही, म्हणून सगळा झटका बोल्टला आणि माणसाच्या कमरेला बसतो. लीड करायला (पहिल्याने चढायला) डायनॅमिक, बाकीच्यांच्या रॅपलला (दोरावरून उतरायला) आणि सामान ओढायला स्टॅटिक. या जागी चैनीचा प्रश्नच येत नाही.

टकमक
मान्य, पण लीड वाटाड्याने केला तर? गावातली पोरं तो कडा अनवाणी चढतात.

कातळवेडा
ते चढतात म्हणून त्यांना दोर नको असं होत नाही.

भटकभवानी
दोर राहू द्या, मला वेळेची काळजी वाटते. १४ जणांपैकी १२ नवखे. एका पॅचवर माणशी १० मिनिटं धरली तरी १४० मिनिटं. आणि हे अलंग चढताना, अलंग उतरताना, मदन चढताना, मदन उतरताना असं चारदा. म्हणजे नऊ-साडेनऊ तास नुसते दोरापाशी, चालणं वेगळं. शिवाय अलंगच्या पॅचखाली आणि मदनच्या आडव्या वाटेवर १४ जण ऐसपैस उभे राहतील अशी जागा नाही. वाट बघणाऱ्यांनाही स्लिंगने (मजबूत पट्टीच्या फासाने) अडकवून ठेवावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो हे लक्षात घ्या.

दादा, सहा जणांचा गट करा. उरलेल्यांना कुलंगला पाठवा. तिथे दोर लागत नाही, चढ मात्र चार-पाच तासांचा आहे.

खडूस बोका
ताई, सगळ्यांनी एकत्र जायचं ठरलंय. आणि १४ हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) लागतील का? आमच्याकडे पाच आहेत.

टकमक
पाचात काम होतं. वर गेलेल्याचा काढून दोराला बांधून खाली सोडा. किंवा रुंद स्लिंगची बैठक करा, जुने लोक तेच करायचे.

भटकभवानी
हार्नेस काढलेला माणूस वर कशाला अडकवणार? पॅच संपल्यावर लगेच सपाटी लागत नाही, पुढे खड्या पायऱ्या आहेत आणि त्यांची एक बाजू उघडी आहे. तिथे बिनहार्नेस माणसं बसवून ठेवायची कल्पना मला पसंत नाही. स्लिंगच्या बैठकीत नवखा उलटा झाला तर खांद्याकडून निसटू शकतो. माणशी एक हार्नेस, एक लॉकिंग कॅराबिनर (बंद होणारी कडी), एक १२० सेंमीची स्लिंग आणि एक हेल्मेट. हेल्मेट सायकलचं नको, डोंगराचं. इथला मुख्य धोका वरच्या माणसाच्या पायाने सुटणाऱ्या दगडांचा आहे. खाली उभे राहणाऱ्यांनी कड्यालगत नव्हे, बाजूला उभं राहायचं.

आणि हार्नेसचा पट्टा बकलमधून परत उलटा घालायचा प्रकार असेल तर निघण्याआधी प्रत्येकाचा दुसऱ्याने तपासायचा.

नाशिककर गणू
पोचायचं कुणी सांगेना म्हणून मी सांगतो. कुठून येताय ते अजून कळलं नाही, पण घोटीला यायचं हे नक्की. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागा, पिंपळगाव मोर सोडलं की उजव्या हाताला आंबेवाडीकडे जाणारा रस्ता आहे. फाट्यावर विचारून घ्या. गावातून वर बघितलं की डावीकडून अलंग, मदन, कुलंग असे ओळीत दिसतात.

खडूस बोका
डोंबिवलीहून. सहा बाइक आणि एक कार. समृद्धीने येणार, वेळ वाचेल.

नाशिककर गणू
समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, भाऊ. बाइकवाल्यांना जुन्या नाशिक रस्त्यानेच कसारा घाट चढून यावं लागेल. रात्री, पाठीवर मोठी सॅक, शेजारून ट्रेलर, आणि दुसऱ्या दिवशी ९० फूट कडा. नका करू.

रात्रीची शेवटची कसारा लोकल डोंबिवलीला थांबते. ती पहाटे कसाऱ्याला पोचते, बाहेर नाशिककडे जाणाऱ्या शेअर जीप मिळतात. त्यांनी घोटीत उतरता येईल, पण घोटी ते आंबेवाडी पहाटे काही मिळेल याचा भरवसा नाही. १४ जण आहात तर क्रूझर किंवा तूफान आधी ठरवून कसारा ते आंबेवाडी थेट या, सॅक टपावर. परतीची वेळही तेव्हाच ठरवा. संध्याकाळी गावातून बाहेर पडायला वाहन शोधत बसणं हा या ट्रेकचा सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो.

रानवाटसरू
कळसूबाईला बारी गावातून गेलात तर शिड्या आहेत, दोर लागत नाही. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. सूर्योदय बघायचा असेल तर पहाटे तीनला निघा.

कातळवेडा
इथे कळसूबाई कुणी विचारली?

रानवाटसरू
१२ नवखे आहेत म्हणून म्हटलं.

भटकभवानी
तसं म्हटलं तर मुद्दा आहे.

मोहोळ
दोरावर एवढी चर्चा, पाण्यावर नाही. मदनच्या टाक्यांवर विसंबू नका, पावसाळ्यापासून जसजसे लांब जाल तसा भरवसा कमी. अलंगवर टाकी बरीच आहेत, मुक्कामाची गुहाही तिथे प्रशस्त आहे. माणशी चार लिटर घेऊन निघा, अलंगला भरून घ्या. पाणी गाळून, उकळून.

दुसरं, कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर-डिओ नाही, पॅचजवळ सिगारेट नाही, शेकोटी नाही, आरडाओरडा नाही. उठलीच तर हात हलवू नका, तोंड-मान झाकून खाली बसा. पळायला जागाच नाही. दोरावरच्या माणसाला सावकाश खाली घ्या.

पिठलंभाकरी
कुलंगवर टाक्यांची रांग आहे आणि पाणी अडवायला बांधलेली भिंत, तिला गोमुख. इतक्या वर हे काम केलं कसं असेल! मदनच्या पायऱ्या मात्र इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास सुरुंग लावून उडवल्या म्हणतात, तेव्हापासून दोर आला.

खडूस बोका
छान माहिती, पण आमचं दोराचं ठरलंय. घरी १२ मिमीचा नायलॉनचा दोर आहे, हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला. ३० मीटर. दुकानदार म्हणाला ट्रक ओढतो. अजून ३० मीटर तसाच घेऊन जोडला तर ६० होतात ना?

टकमक
नाही नाही नाही. माझा स्टॅटिकचा आग्रह होता, ट्रकच्या दोराचा नव्हे!

कातळवेडा
आधी तो नायलॉन आहे का ते बघा. फूटभर तुकडा कापून बादलीत टाका. नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगतो. दुकानात "नायलॉन" म्हणून बरेचदा पॉलिप्रॉपिलीनच देतात. ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. फिगर ऑफ एटमधून (दोर ओवून उतरायच्या आठच्या आकाराच्या कडीतून) भराभर उतरताना घर्षणाने धातू तापतो, आणि मध्येच थांबलात तर तो तापलेला धातू दोराच्या एकाच जागी टेकून राहतो.

नायलॉन निघाला तरी नकोच. ट्रक ओढण्यात ताण हळूहळू येतो, पडणाऱ्या माणसाचा झटक्यात येतो. शिवाय गिर्यारोहणाच्या दोराला आतला गाभा आणि बाहेरचं विणलेलं कवच असतं. बेसॉल्टच्या धारेवर कवच फाटलं तर वेळीच दिसतं. पीळदार दोराचे भार पेलणारे धागेच बाहेर असतात, ते थेट धारेवर घासतात.

आणि मध्यावर जोडगाठ असली की ती डिसेंडरमधून (एटसारख्या उतरायच्या साधनातून) जात नाही. नवख्याला अधांतरी गाठ ओलांडायला लावणार का?

भटकभवानी
भाड्याने घेतलात तर दोर मीटर-मीटर बोटांमधून फिरवून बघा. कुठे मऊ पडलेला, चपटा, फुगलेला, कडक झालेला लागला तर परत करा. उत्पादनाचं वर्ष विचारा. १० वर्षांपुढचा दोर न वापरलेला असला तरी घेऊ नका. काठावर दोर घासतो तिथे खाली घालायला गोणपाट किंवा जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा न्या.

टकमक
आणि रॅपलला नवख्यांना डिसेंडरखाली ६ मिमी कॉर्डचा ऑटोब्लॉक (दोरावर आपोआप आवळणारा फास) द्या. हात सुटला तरी जागेवर थांबतात. केस, ओढणी, टी-शर्ट आत खोचा, एटमध्ये अडकलं की वरही जाता येत नाही आणि खालीही.

कातळवेडा
या एका बाबतीत टकमकशी सहमत. वर अँकर एका बोल्टवर नको. दोन बोल्ट, मध्ये स्लिंग, दोन भुजांमधला कोन ६० अंशांच्या आत. कोन १२० झाला की प्रत्येक बोल्टवर पूर्ण भार येतो, दोन लावून उपयोग शून्य. गंजलेला, हलणारा बोल्ट दिसला तर त्याला मोजू नका.

खडूस बोका
दोर तरंगला.

गट कमी करतोय. सहा जण अलंग-मदन, आठ जण कुलंग. बाइक रद्द, लोकल आणि क्रूझर. गावातल्या वाटाड्याकडे दोर-हार्नेस मिळतात असं कळलं. ते चालतील का?

भटकभवानी
काहींकडे असतात. वर सांगितलं तसं तपासून घ्या, वाटाड्याला राग येईल म्हणून लाजू नका. कुलंगच्या आठ जणांसाठीही वेगळा वाटाड्या घ्या. खालच्या रानात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की तास-दोन तास सहज वाया जातात. वरच्या पायऱ्यांना कठडा नाही, तिथे सेल्फीसाठी रांग लावू नका. परत फिरायची वेळ आधीच ठरवा, दोन्ही गटांनी.

मोहोळ
दोन्ही गटांची नावं, रक्तगट आणि परतीची वेळ घरी आणि गावात लिहून ठेवा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर मोबाइलमध्ये नको, कागदावर. मोबाइल मरतो.

रानवाटसरू
बूट कोणते घालणार ते विचारलंच नाही कुणी. ॲक्शनचे ट्रेकिंग बूट घ्या, स्वस्त आणि कातळावर पकड चांगली.

टकमक
ओल्या कातळावर नाही.

रानवाटसरू
डिसेंबरात कुठला ओला कातळ?

टकमक
पहाटेचं दव पडतं त्याचं काय? टाक्यांच्या काठी शेवाळ असतं त्याचं काय?

कातळवेडा
बुटांसाठी वेगळा धागा काढा. बोका, पॅचवर सॅक पाठीवर घेऊन चढू नका. त्या स्टॅटिकने वेगळ्या ओढून घ्या. ओढायच्या आधी बाहेर लोंबणाऱ्या मॅट आणि बाटल्या आत टाका, नाहीतर खालच्यांच्या डोक्यावर.