लिव्हरपूलचे कॅथीड्रल मध्ययुगीन नाही

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंड या पंथाचे) कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, मध्ययुगीन असावे असे एकांनी लिहिले आहे. टोकदार कमानी पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण ही वास्तू विसाव्या शतकातली. पायाभरणी 1904 ची, आणि काम पूर्ण झाले 1978 मध्ये!

त्याच्या आराखड्यासाठीची 1903 ची स्पर्धा जिंकली तेव्हा जाईल्स गिल्बर्ट स्कॉट अवघा 22 वर्षांचा होता, तोही कॅथलिक, म्हणजे दुसऱ्याच पंथाचा. अनुभव नाही म्हणून ज्येष्ठ वास्तुविशारद बॉडली यांना त्याच्या जोडीला दिले. 1907 मध्ये बॉडली वारले. मग स्कॉटने मोठे धाडस केले: बांधकाम चालू असताना, 1910 मध्ये, आपलाच मंजूर झालेला दोन मनोऱ्यांचा आराखडा बाजूला ठेवून मधोमध एकच मनोरा आखला. आज आपल्याला थक्क करतो तो हाच, सुमारे 101 मीटर उंच. मला ही वास्तू आवडते ती त्या निर्णयामुळे. नक्षीकाम मोजक्या जागी. बाकी लिव्हरपूलच्याच वूल्टन भागातल्या तांबूस वालुकाश्माच्या साध्या, प्रचंड भिंती.

मनोऱ्याचे शेवटचे टोक बसले 1942 मध्ये, ऐन महायुद्धात. 1960 मध्ये स्कॉट गेला, तेव्हाही प्रवेशद्वाराकडचा भाग बाकी होता. लंडनचे लाल टेलिफोन बूथही त्याचेच.