मदत हवी आहे: एल्कवर (अमेरिकेतलं मोठं हरीण) किती लांबून गोळी झाडावी? (कोलोरॅडो, रायफल)

नमस्कार मंडळी. शिकार करावी की नाही हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही येईन भांडायला. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे. घरात कुणी कधी बंदूक हातात धरलेली नाही, आणि आईला अजून ‘पोरगा डोंगरात फिरायला जातो’ एवढंच ठाऊक आहे. मी फोर्ट कॉलिन्सला राहतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल सीझनला फ्लॅट टॉप्स भागात जायचंय, साधारण साडेनऊ हजार फुटांवर. रायफल .३०८, गोळी १६५ ग्रेन वजनाची, २०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी लागतात.

प्रश्न अंतराचा आहे. पण तो का पडला ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी माझ्याकडे टॅग (एका जनावराचा शिकार-परवाना) नव्हता, नुसता सोबत गेलो होतो. बरोबरचा ऑफिसातलाच, पंधरा वर्षं शिकार करणारा. संध्याकाळी समोरच्या उतारावर ॲस्पेनच्या कडेला एक नर आला. रेंजफाइंडरने ४८० यार्ड दाखवले. गड्याने सॅकवर रायफल टेकवली, टरेट (स्कोपवरची, म्हणजे रायफलच्या दुर्बिणीवरची, अंतर जुळवायची चकती) फिरवला, श्वास सोडला, चाप ओढला. मी दुर्बिणीतून बघत होतो. बार झाला आणि त्याच क्षणी एल्कने एक पाऊल पुढे टाकलं. गोळी बरगड्यांच्या मागे, पोटात. पाठीला पोक काढून, मान खाली घालून तो सावकाश झाडीत शिरला. पळालासुद्धा नाही.

मधली घळ ओलांडून तिथे पोचायला पाऊण तास लागला. समोरून इतकी ठळक दिसणारी जागा जवळ गेल्यावर ओळखूच येईना, सगळी झाडं सारखी. हेडलॅम्पच्या उजेडात हिरवट घाण लागलेले थोडे केस आणि रक्ताचे चार थेंब सापडले. रात्री बर्फ पडलं आणि उरलासुरला माग पुसला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, नाही मिळाला. ‘होतं असं कधीकधी’ म्हणून गडी तिसऱ्या दिवशी त्याच टॅगवर पुन्हा निघाला. नियमाने त्याचं काही चुकलं नाही. जखमी जनावर शोधायचा वाजवी प्रयत्न करा, एवढंच नियम सांगतो. मी मात्र तंबूतच बसून राहिलो.

घरी येऊन गणित मांडलं. पाचशे यार्ड कापायला गोळीला जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. सावकाश चालणारं जनावर तेवढ्या वेळात दोन-अडीच फूट सरकतं. म्हणजे नेम अगदी अचूक असला तरी फुप्फुसांच्या जागी पोट येतं, आणि याला कुठल्याही किमतीचा स्कोप काही करू शकत नाही. गोळी खाली किती पडेल ते निदान तक्त्यात सापडतं: माझी ३०० वर साधारण ८ इंच, ४०० वर दोन फूट. वाऱ्याचं तसं नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला २०० यार्डांवर तीनेक इंच ढकलतो, ४०० वर तेराचौदा, ५०० वर वीसच्या वर. एल्कच्या हृदय-फुप्फुसांची जागा धरून चाला १४-१५ इंच. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तर ५०० वर दहा इंच तिथेच गेले. त्यात घळीच्या अल्याड, मधे आणि पल्याड वारा वेगवेगळा वाहतो.

टेबलावरून ३०० यार्डांवर माझ्या तीन गोळ्या चार इंचांत बसतात. हे ऐकून रेंजवरचे सगळे म्हणतात, मग ५०० काय, सहज. खरंच? डोंगर चढून धाप लागलेली असताना मी आपली मर्यादा कशी ठरवू? कायदा १०० यार्डांवर किमान ताकद किती हवी ते सांगतो, जास्तीत जास्त अंतर सांगत नाही.

रानवाट: टेबल विसरा. नऊ इंची कागदी प्लेट लावा. गाडीपासून दोनशे पावलं पळत या, सॅक टाका, बसा किंवा आडवे व्हा, आणि वीस सेकंदांत एकच गोळी. नळी थंड पाहिजे, कारण शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच जाते. असं वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा करा. पाचपैकी पाच बसल्या तर ते तुमचं अंतर. चार बसल्या तर पन्नास यार्ड प्लेटच्या जवळ सरका. आणि जनावर डोकं वर करून कान टवकारून उभं असेल तर चाप ओढू नका, ते पाऊल टाकणारच. दुसरं, गोळी झाडण्याआधीच फोनवर फोटो काढून जनावर कुठे उभं आहे तिथे खूण करा. तुमचा निम्मा घोटाळा तिथेच झाला.

माळावरचा: लांब पल्ल्याला सरसकट नावं ठेवू नका हो. मी वायोमिंगच्या उघड्या माळावर असतो, आडोसा गुडघ्याएवढ्या सेजब्रशचा. आडवं पडून, वारामापक घेऊन, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमने ४०० वर दोन एल्क जागेवर पाडलेत. रूझवेल्टने १८८७ साली काढलेला बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लबही अंतराचा आकडा देत नाही. शिकारीला निघालात की रायफलची परीक्षा घ्यायला, असं ते विचारतात. आयडाहोने तर अंतराऐवजी रायफलचं वजनच बांधून टाकलंय, १६ पाउंडांच्या वर चालत नाही. पण .३०८ ने ४०० च्या पुढे मीही जाणार नाही, तिथे तिची ताकद १५०० फूट-पाउंडांच्या आसपास उतरते.

रानवाट: बरोबर, पण माळावर जनावर पडेपर्यंत डोळ्यांसमोर राहतं. यांच्याकडे दहा पावलांवर झाडी आहे. आणि तीव्र उतारावर रेंजफाइंडरचा आकडा जशाला तसा वापरू नका. ३० अंशांच्या कोनात ४०० दाखवलं तर गोळीसाठी ते साधारण ३४५ च असतं, टरेट ४०० ला लावला की गोळी पाठीवरून जाते.

धागाकर्ता: आभार दोघांचेही. तीन रविवार पॉनी ग्रासलँडवर घालवले, तिथे वाऱ्याला तोटा नाही. सॅकवर आडवं पडून २५० वर पाचपैकी पाच, ३०० वरही पाच, ३५० वर तीन. बसून मात्र २०० वर पाच आणि २५० वर दोनच! त्यातली एक गोळी प्लेटच्या डावीकडे हातभर गेली, आणि चाप ओढताना मला ती अगदी छान वाटली होती. म्हणजे आडवं पडता आलं तर ३००, बसून २००, वाऱ्याने गवत सपाट झोपलेलं असेल तर त्याहूनही कमी. ऑफिसातल्या गड्याला सांगितलं तर हसला. यंदा त्याच्याबरोबर जात नाहीये.

आता एक राहिलं. फ्लॅट टॉप्सवर बऱ्याच ठिकाणी गवत आणि पडलेली झाडं इतकी आहेत की आडवं पडलं तर समोरचं काही दिसतच नाही. बसूनच मारावं लागणार. सध्या ट्रेकिंगच्या दोन काठ्या रबरबँडने बांधून टेकू करतो, पण रायफल डावी-उजवीकडे डुलते. कुणी हलकी तिपाई वापरतं का? दोन किलोच्या आत हवी, परतताना पाठीवर मांसही असेल. असलंच तर.