मदत हवी आहे : जांबोटीकडे उभी असलेली जुनी इंडिका डिझेल पुन्हा रस्त्यावर आणायची आहे

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे माझ्या मामांचं घर आहे. त्यांची २००६ ची इंडिका डिझेल गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. २०२१ मध्ये रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं, पुढे मामांचे गुडघे गेले आणि गाडीला कोणी हातच लावला नाही. तिकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना बाकी सांगायला नको. मध्यंतरी भंगारवाला भाव करून गेला. मामांचं म्हणणं, तेवढ्यात चार टायरसुद्धा येत नाहीत, त्यापेक्षा तूच ने आणि चालव. मी राहायला बेळगावात, अनगोळला. रोज वापरायची नाहीच. सुट्टीला गावी जाणं, सुगीत तांदळाची पोती आणणं, एवढ्यापुरती धड झाली तरी पुष्कळ.

अडचण अशी की गावचा मेस्त्री म्हणायलाय, "काय हुत नाही हो, नवी बॅटरी घाला, ट्रॅक्टरनं एकदा वढली की धडाधडा चालू हुत्या. डिझेल इंजिन हाय, मरत नाही." मामांना ते पटलंय, ट्रॅक्टरवाल्याला निरोपही गेलाय. मला पटत नाही, पण मामांसमोर मांडायला नेमकं कारण हवंय.

आतापर्यंत पाहिलं ते सांगतो. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटलेला : भाताची तुसं, कुरतडलेला फोम, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे. वायरिंग काही ठिकाणी तांबं दिसेपर्यंत खाल्लंय. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच आहे, दुधाळ नाही, आणि पातळीही वाढलेली नाही. म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा डिझेल उतरलेलं नसावं असं धरून चाललोय. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं काढलं. बाटली उजेडात धरली तर तळाला बोटभर पाणी, वर कोऱ्या चहाच्या रंगाचं डिझेल, आणि दोन्हींच्या मधे काळा बुळबुळीत पापुद्रा. बाटली हलवली तरी तो फुटत नाही, नुसता लोंबतो. टाकीत काय असेल याची कल्पना करवत नाही.

मागची दोन्ही चाकं जाम आहेत, कारण हँडब्रेक ओढूनच ठेवला होता. ब्रेकचं पॅडल दाबलं की थेट खाली. टायर दिसायला बरे, पण बाजूवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन १४ आहेत, म्हणजे २०१४ चे.

तर सुरुवात कुठून करू? इंजिन जाम आहे की नाही हे स्टार्टर न मारता कसं कळेल? डिझेलचा पंप आधीच उतरवून दुरुस्तीला द्यायचा की एकदा चालवून बघायचं? आणि आरटीओचं काय? घरी एकजण म्हणतो दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या आता चालतच नाहीत.

प्रतिसाद १

ट्रॅक्टर परत पाठवा आधी. इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. इतकी वर्षं एकाच जागी वळून राहिलेला रबर ओढीच्या झटक्याने दात सोडतो. टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरं, सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर निदान अडकला की थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही. मामांना एवढं सांगा, पटेल.

इंजिन जाम आहे का ते बघायला हीटर प्लग (थंड इंजिन चालू होण्याआधी आतली हवा तापवणारे) काढा, पण घाई नको. गंजलेला प्लग जोर लावला की हेडमध्येच तुटतो आणि तो काढणं म्हणजे वेगळीच शिक्षा. गंज सोडवणारं तेल आधी दोन-चार दिवस मारत राहा. प्लग निघाले की प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा. हे प्री-चेंबरवालं इंजिन आहे, म्हणजे प्लग सिलेंडरशेजारच्या छोट्या कप्प्यात उघडतो; तेल लगेच पिस्टनवर पडत नाही, झिरपत जातं. रात्रभर राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवा, ज्या दिशेने ते चालतं त्याच दिशेने. प्लग काढलेले असल्यामुळे कॉम्प्रेशन नसतं, सहज फिरायला हवं. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल आणि आणखी वेळ. फिरलं तर बेल्ट आणि तो ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंग नवीन टाका, त्यानंतरच स्टार्टर.

प्रतिसाद २

बाटलीतला पापुद्रा म्हणजे बुरशी-जिवाणूंची वाढ. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथेच ती होते. टाकीत औषध ओतून चालवणार असाल तर नको. टाकी उतरवा, धुवा, वाळवा. या इंजिनाचा रोटरी पंप डिझेलवरच वंगण घेतो, त्यात पाणी गेलं की आतून गंजतो.

चालू करून बघायला टाकी लागतच नाही. स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या, नवीन फिल्टर लावा, पंपाकडे जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही नळ्या कॅनमध्ये सोडा. नळी पारदर्शक घेतली तर हवेचे बुडबुडे दिसतात. बुडबुडे थांबेनात तर आधी नोझलवरच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या) बारीक बायपास पाइपा, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्या, बघा. त्या तडकतात, स्वस्त असतात, आणि लोक उगाच पंपावर आळ घेतात.

चालू होताना एअर फिल्टरच्या जागी एकजण फळी घेऊन उभा ठेवा. पंप आतून अडकला असेल तर इंजिनाचा वेग आपोआप एकदम चढतो. चावी बंद करूनही थांबलं नाही तर हवा कोंडणं हाच उपाय. गिअरमध्ये टाकून ब्रेकवर बंद करू म्हणाल, तर तुमच्याकडे ब्रेकच नाही! खरं तर म्हणूनच मी इंजिनाआधी ब्रेक करायला सांगेन : व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरची किट, रबरी होज, नवीन ऑइल. सगळे इंजिनाच्या मागे लागतात आणि गाडी चालू झाल्यावर ती थांबवायची कशी हे आठवतं.

आणि कोणी पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे एअर पाइपात मारायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हीटर तापलेले असताना भडका उडतो.

प्रतिसाद ३

दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि एनसीआरपुरता (दिल्लीभोवतीचा राजधानी परिसर) आहे, कर्नाटकात नाही. तुम्हाला फॉर्म २५ भरून रजिस्ट्रेशनचं रिन्युअल करावं लागेल. २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून फी १०,००० रुपये झालीय, आधी ५,००० होती, तेव्हा तारीख बघून घ्या. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं. तोपर्यंत रस्त्यावर चालवत आणू नका, टेम्पोत घालून बेळगावात आणा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. ट्रॅक्टर रद्द. मामा म्हणाले, "मग मेस्त्रीला तूच सांग." सांगितलं; तो रागावला नाही, टाकी तोच उतरवून देणार आहे. एक राहिलं : पंप कॅलिब्रेशनला (मशीनवर तपासून डिझेलचं माप जुळवायला) द्यायचाच झाला तर सोडवताना काय सांभाळायचं?

प्रतिसाद १

आधी कॅनवर चालवून बघा. नीट चालला, धूर आवरला आणि शाफ्टच्या सीलमधून डिझेल गळत नसेल तर हात लावू नका. जुने सील ताजं डिझेल मिळालं की आठवड्याभराने गळायला लागतात, तेव्हा लगेच निकाल देऊ नका. काढायचाच असेल तर पंपाची बॉडी आणि ब्रॅकेट यांच्यावर एकच रेघ ओढून खूण करा, पुलीवरही करा, आणि फोटो काढा. नळ्या सोडल्या की सगळी तोंडं लगेच स्वच्छ टोप्यांनी बंद करा, चिंधी कोंबू नका, तिचा एक दोरा नोझल बिघडवायला पुरतो. नोझलही सोबत द्या, एकाच बाकावर दोन्ही तपासून होतात.