टेस्टला गाडी चालू करतानाच गडबड झाली, नेमका क्रम काय असतो?

नाशिकची_शिकाऊ:
नमस्कार, परवा माझी पक्क्या लायसन्सची टेस्ट होती आणि मी नापास झाले, तेही गाडी धड जागची हलायच्या आत. क्लासला महिनाभर चालवलीये, मार्केटमधून, पुलावरून, सगळीकडून, पण टेस्टला भावाची जुनी गाडी नेली होती. बसले, चावी फिरवली आणि गाडीने पुढे उडीच मारली अन् बंद पडली, कारण भावाने ती पहिल्या गिअरमधे टाकून लावली होती आणि माझा पाय क्लचवर नव्हता. बेल्टही लावायचा राहिला होता. साहेब म्हणाले ७ दिवसांनी परत या. रडूच आलं मला. चालवता येतं हो, पण चालू करायचा बरोबर क्रम कुणी नीट सांगेल का?

गिअरवाले_काका:
ताई, एक विचारतो, क्लासला तुम्ही बंद गाडी स्वतः चालू केली असं किती वेळा झालं? मी बरीच वर्षं गाडी शिकवली, बहुतेक क्लासमधे एक जण उतरला की दुसरा त्याच सीटवर बसतो, इंजिन चालूच, आरसे आधीच्याचे, आणि शिकवणाऱ्याकडे स्वतःचा क्लच-ब्रेक असतो त्यामुळे तुमची चूक तो निम्म्यात सावरतो. म्हणजे सुरुवात तुम्हाला कुणी शिकवलीच नाही, यात तुमचा दोष नाही.

आता क्रम. दार नीट लागलंय का बघा, मग सीट, डाव्या पायाने क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीट आधी आणि आरसे नंतर, कारण सीट हलवली की आरसे परत चुकतात. आतल्या आरशात मागची काच अख्खी दिसली पाहिजे. बेल्ट. हँडब्रेक वर ओढलेला आहे ना हे हाताने बघा, नुसतं नजरेने नाही. क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला (कुठलाच गिअर पडलेला नाही अशा मधल्या जागी) आणा आणि दांडी डावीउजवीकडे हलवून बघा, मोकळी हलली म्हणजे न्यूट्रल. मग चावी फिरवा, डॅशबोर्डवरचे दिवे लागतील, दोनतीन सेकंद थांबा, मग चावी आणखी पुढे फिरवून स्टार्टर द्या, इंजिनने धरलं की चावी लगेच सोडा. ऑइलचा लाल दिवा विझला पाहिजे. डिझेल असेल तर स्प्रिंगसारख्या चित्राचा पिवळा दिवा विझेपर्यंत स्टार्टर देऊ नका.

वाचक_सातारा:
काकांचं बरोबर आहे, आणि हे साहेबांच्या मनावर नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १५ वा नियम बघा, टेस्टमधे काय काय तपासायचं त्याची यादीच आहे आणि सुरुवातच आरसा लावणं आणि सीटबेल्ट, मग इंजिन चालू करण्याआधीची खबरदारी, मग सुरक्षितपणे निघणं अशी आहे. चढावर थांबून मागे न घसरता परत निघणंही त्यात आहे. आणि तीनदा नापास झालं तर पुढची टेस्ट ६० दिवसांनीच, म्हणून घाई करून जाऊ नका.

लीड्सवाली:
अगं मी भारतात आठ वर्षं चालवून इकडे इंग्लंडला आले आणि तरी इथल्या टेस्टला माझा मेंदू बधिर झाला होता. इथे सुरुवातीला एखादा प्रश्नच विचारतात, ब्रेक चालतात का हे कसं तपासाल वगैरे. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते निघायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायला, आरशात न दिसणारी सायकल तिथेच असते. इंडिकेटर दिला म्हणजे झालं असं नाही, आधी बघ, मग निघ. आपल्याकडे तर दुचाक्या दोन्ही बाजूंनी येतात, तिथे हे जास्तच लागतं.

नाशिकची_शिकाऊ:
खूप खूप आभार सगळ्यांचे. काका, खरंय, आठवून बघितलं तर मी बंद गाडी दोनतीनदाच चालू केली असेल. काल पार्किंगमधे बंद करून चालू, बंद करून चालू असं वीस वेळा केलं आणि पहिल्यांदाच कळलं की भावाची सीट माझ्यासाठी फारच मागे होती, क्लच पूर्ण दाबलाच जात नव्हता! आता फक्त चढाचं सांगा, हँडब्रेक कधी सोडायचा?

गिअरवाले_काका:
सगळ्यात शेवटी. पहिला गिअर, क्लच सावकाश वर आणा, इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचललं जातं तिथे पाय थांबवा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, आरसा, खांदा, आणि मग हँडब्रेक. भावाला शेजारी बसवा, एल बोर्ड लावा आणि रिकाम्या चढावर दहा वेळा करा.