‘मेट्रोपोलिस’ थिएटरात बघावा का?

प्रश्न: आमच्या फिल्म सोसायटीत रविवारी फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) आहे. मूकपट, अडीच तास. लॅपटॉपवर लावला होता तेव्हा मला डुलकी लागली. बायको म्हणते, घरी फुकट झोपता येतं की! जावं का?

उत्तर: जाच. पाळी बदलताना माना खाली घालून चालणारे ते कामगार छोट्या स्क्रीनवर मुंग्यांएवढे दिसतात. पडद्यावर त्यांच्या खांद्यांची लय अंगावर येते. यंत्राचा मोलोक, म्हणजे माणसांचे बळी घेणारा राक्षसी देव, होतो तेव्हा तर मी चक्क मागे सरकलो. मात्र आवृत्ती कुठली ते विचारून घ्या. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये १६ मिमीची प्रत उजेडात आली, तिच्यातली, आधी हरवलेली सुमारे २५ मिनिटं २०१० च्या आवृत्तीत जोडली आहेत. लगेच ओळखू येतात, ओरखडेच ओरखडे.

उत्तर: ओरखडे मोठ्या पडद्यावर जास्तच खुपतात हं. तरी चालेल, पण संगीत मूळ संगीतकार हुपर्ट्झचंच हवं! आमच्याकडे कुणीतरी भलताच सिंथेसायझर जोडला होता. डोकं उठलं.

प्रश्नकर्ता: विचारलं. २०१० चीच आहे, हुपर्ट्झसकट. बायकोही येतेय, मध्यंतरात बटाटेवडा या अटीवर.