सूर्याच्या कोरोनातला (बाहेरच्या तप्त वातावरणातला) वेग मोजताना शून्य कुठून धरायचा?

चांदणवेल: एमएस्सीच्या प्रोजेक्टला हिनोडे या सूर्य बघणाऱ्या यानावरच्या ईआयएसचा (अतिनील प्रकाशाचा स्पेक्ट्रम घेणाऱ्या उपकरणाचा) डेटा घेतलाय, अकरा इलेक्ट्रॉन गेलेल्या लोहाची १९५.१२ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा. अ‍ॅक्टिव्ह रीजनच्या (तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या भागाच्या) कडेला ती निळ्याकडे सरकलेली दिसते म्हणजे प्लाझ्मा (तप्त विद्युतभारित वायू) आपल्याकडे येतोय, इथपर्यंत ठीक. पण १० किमी/सेकंद वेगाला रेषा सरकणार जेमतेम ०.००६५ अँगस्ट्रॉम आणि डिटेक्टरचा एक पिक्सेलच ०.०२२ चा! मग या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

दुर्बीणवाला: पिक्सेलचं टेन्शन घेऊ नका. रेषा काही पिक्सेलवर पसरलेली असते, त्यावर गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवला की फोटॉन पुरेसे असतील तर मध्य पिक्सेलच्या छोट्या भागापर्यंत सापडतो. फक्त १९५.१८ ला त्याच आयनची दुसरी रेषा चिकटून आहे, घनता जास्त असेल तिथे ती वर येते आणि फिट लालकडे ओढते, म्हणून तिथे दोन गॉसियन लावा.

सह्यकडा: खरी अडचण शून्याची आहे गं, म्हणजे वेग शून्य असताना रेषा नेमकी कुठे असते याची. यानावर तरंगलांबी जुळवायला दिवा नाही, त्यात हिनोडे साधारण ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतं, तापमान वरखाली होतं आणि अख्खा स्पेक्ट्रम डिटेक्टरवर सरकतो, तोही तुझ्या १० किमीपेक्षा कितीतरी जास्त. ते आधी काढ, मग त्याच रास्टरमधल्या (पट्टी-पट्टीने स्कॅन केलेल्या चित्रातल्या) शांत भागाची सरासरी शून्य धर. आता शांत सूर्यसुद्धा १५ लाख केल्विनला अगदी स्थिर असेल असं नाही, सोहो यानावरच्या सुमेर या स्पेक्ट्रम घेणाऱ्या उपकरणाला क्रोमोस्फिअरच्या (कोरोनाखालच्या थराच्या) थंड रेषा संदर्भाला मिळायच्या, ईआयएसच्या पट्ट्यात तशा चांगल्या नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये 'शांत भागाच्या तुलनेत वेग' असंच लिही, प्लीज. आणि रुंदी पण बघ! एवढ्या तापमानाला लोहाचा औष्णिक वेग (उष्णतेमुळे अणूंच्या हालचालीचा) २१ किमी/सेकंदच्या आसपास येतो, उपकरणाची रुंदी वजा करूनही रेषा त्याहून रुंद निघते. कडेला जिथे निळं सरकणं जास्त तिथेच रुंदीही वाढते, बऱ्याचदा निळ्या बाजूला शेपूट असतं, म्हणजे एकाच पिक्सेलमध्ये वेगवेगळ्या वेगाचे प्रवाह असू शकतात किंवा लाटा, आणि एकच गॉसियन लावलास तर हे सगळं सरासरीत बुडून जातं.

चांदणवेल: खूप आभार! आदित्य या भारतीय सूर्ययानावरचं, पुण्याच्या आयुका संस्थेचं सूट पण यूव्हीच (अतिनील) ना, त्यातून जोड मिळेल?

दुर्बीणवाला: वेगासाठी नाही. सूट २००० ते ४००० अँगस्ट्रॉममध्ये फिल्टर लावून फोटो काढतं, दिसतं ते फोटोस्फिअर (सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग) आणि क्रोमोस्फिअर. आदित्यवर कोरोनाच्या रेषा व्हीईएलसी हे दुसरं उपकरण बघतं, ५३०३ ची हिरवी वगैरे, पण त्या यूव्ही नाहीत, आणि सूर्याची तबकडी झाकून कडेबाहेरचं बघतं, तुमचं रीजन तबकडीवर आहे.

चांदणवेल: ओके, मग आधी दोन गॉसियनचं फिट करते.